ताराबाईंची उरलेली चौपन्न वर्षं

सकाळची गाडी पेणहून सुटली की डब्यातले सगळे माना खाली घालून मोबाइलमध्ये शिरतात. मीही शिरते. बाहेर एका बाजूला खारेपाट, दुसऱ्या बाजूला डोंगर, आणि रोज तेच बघून बघून डोळ्यांना त्याचं काही वाटेनासं झालेलं. मागच्या हिवाळ्यात माझ्या शेजारी रोह्याला कॉलेजला जाणारी एक मुलगी बसली होती. ती रशियाच्या कॅथरीनवरची वेबसीरिज बघत होती. मी ती आधी पाहिलेली, त्यामुळे नजर सारखी तिकडे जात होती. तिनं ते ओळखलं आणि एक इअरफोन काढला.

नागोठणं यायच्या सुमारास ती म्हणाली, "ताई, नवऱ्याला गादीवरून खाली ओढलं, स्वतः बसली, आणि मग मरेपर्यंत हलली नाही. अशी एक तरी बाई आपल्याकडे झाली का हो?"

मी म्हटलं, "झाली की. ताराबाई."

"ती औरंगजेबाशी लढली ती? आम्हाला होती शाळेत. पण पुढे काय झालं तिचं?"

मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. औरंगजेब १७०७ मध्ये मेला, शाहू सुटून आले, ताराबाई कोल्हापूरला गेल्या, एवढं आठवत होतं. त्यापुढे काहीच नाही. रोहा आलं, ती उतरून गेली. मी ऑफिसात पोचल्यावर आधी तारखा पाहिल्या. ताराबाई गेल्या डिसेंबर १७६१ मध्ये. म्हणजे शाळेच्या पुस्तकात त्यांची गोष्ट जिथे संपते, तिथून पुढे त्या तब्बल चौपन्न वर्षं जगल्या. आणि गप्प बसून जगल्या नाहीत.

हा लेख म्हणजे त्या मुलीला द्यायचं राहिलेलं उत्तर.

आधी ती प्रसिद्ध सात वर्षं

ताराबाईंचा जन्म १६७५ चा. वडील हंबीरराव मोहिते, शिवाजी महाराजांचे सरसेनापती. लग्न महाराजांच्या धाकट्या मुलाशी, राजारामांशी. १६८९ मध्ये संभाजी महाराजांना औरंगजेबाने मारलं आणि रायगडाला वेढा पडला. तेव्हा संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाईंनी राजारामांना गडाबाहेर काढलं आणि स्वतः लहानग्या शाहूंना घेऊन मागे राहिल्या. गड पडला, मायलेक मुघलांच्या कैदेत गेले. राजाराम दक्षिणेत जिंजीला पोचले. पुढे ताराबाईही तिथे गेल्या, आणि १६९६ मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचं नाव शिवाजी.

मार्च १७०० मध्ये राजाराम सिंहगडावर वारले. ताराबाई पंचवीस वर्षांच्या, मुलगा चार वर्षांचाही पुरता नाही. समोर ऐंशी ओलांडलेला, पण मागे न हटणारा बादशहा, जो स्वतः छावणी घेऊन महाराष्ट्रात उतरलेला. ताराबाईंनी मुलाला गादीवर बसवलं आणि कारभार हातात घेतला.

पुढच्या सात वर्षांत बादशहा एकेका किल्ल्याच्या मागे लागला. सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा. यातले कितीतरी किल्ले लढून नव्हे तर किल्लेदाराला पैसे मोजून त्याला घ्यावे लागले. आणि तो पुढच्या किल्ल्याकडे वळला की मराठे मागचा परत घेत. बादशहाची फौज डोंगरात अडकलेली असताना मराठ्यांच्या फौजा नर्मदा ओलांडून माळव्यात आणि गुजरातेत घुसत होत्या. म्हणजे लढाई तो आमच्या अंगणात करत होता आणि आम्ही त्याच्या घरात. खाफीखान हा मुघलांच्या बाजूचा इतिहासकार, मराठ्यांविषयी त्याला प्रेम असायचं काही कारण नव्हतं. तोही लिहून गेला की ही बाई हुशार, कारभारात तरबेज होती आणि तिच्या काळात मराठ्यांचा जोर रोज वाढत गेला.

मार्च १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला. शाळेतला धडा इथे संपतो.

आजीच्या ट्रंकेतला सातबारा

पुढचं सांगण्याआधी मला माझ्या आजीबद्दल सांगायला हवं. तिच्याशिवाय ही गोष्ट मला कळलीच नसती.

माझी आजी रोह्याजवळच्या एका गावातली. आजोबा १९५४ मध्ये गेले. आजी अठ्ठावीस वर्षांची, पदरात दोन मुलगे: मोठे काका सहा वर्षांचे, माझे बाबा तीन वर्षांचे. भाताची थोडी जमीन, त्यावर कर्ज, आणि जमिनीवर डोळा ठेवून बसलेले भाऊबंद. आजीनं ती जमीन राखली. कर्ज फेडलं. मुलांना शिकवलं. गावात तिचं नाव निघालं की लोक म्हणत, "कर्ती बाई."

ती गेल्यावर तिच्या ट्रंकेत जुने सातबारे सापडले. त्यात दोन्ही मुलांच्या नावांपुढे "अज्ञान" आणि खाली "अ.पा.क." असं लिहून आजीचं नाव. बाबांनी समजावलं: अज्ञान म्हणजे अडाणी नव्हे, वयात न आलेला. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता. मालक मुलं, आणि ती मोठी होईपर्यंत त्यांच्या वतीनं सांभाळणारी आई. मुलगा सज्ञान झाला की तलाठ्याकडे अर्ज करून तो शेरा कमी करायचा असतो. आमचा १९६९ मध्ये कमी झाला. पुढच्या सातबाऱ्यावर आजीचं नाव नाही.

पण कणगीच्या आणि कपाटाच्या चाव्या तिनं सोडल्या नाहीत. कोणत्या शेतात काय लावायचं, भात कुणाला विकायचं, हे तीच ठरवत राहिली. आणि गंमत अशी की ज्या तोंडांनी "कर्ती बाई" म्हटलं होतं, तीच आता "खाष्ट" म्हणू लागली. मुलं मोठी झाली तरी म्हातारीला हाव सुटत नाही म्हणू लागली. आजी बदलली नव्हती. ती आधी जे करत होती तेच करत होती. बदलला होता फक्त सातबारा.

ताराबाईंच्या बाबतीत १७०७ नंतर नेमकं हेच झालं.

कॅथरीननं जे नाकारलं

आता त्या वेबसीरिजमधल्या बाईकडे वळू. कॅथरीन मुळात रशियन नव्हतीच. १७२९ मध्ये जन्मलेली ती एका छोट्या जर्मन संस्थानाची राजकन्या. पंधराव्या वर्षी रशियात आणली गेली, गादीच्या वारसाशी तिचं लग्न लावलं गेलं. तो पीटर १७६२ मध्ये बादशहा झाला आणि सहा महिन्यांत त्यानं लष्कर, दरबार आणि धर्मसत्ता, सगळ्यांनाच दुखावलं. त्या जुलैमध्ये पहारेकरी पलटणी कॅथरीनच्या बाजूनं उभ्या राहिल्या. पीटरनं गादी सोडली, आणि आठवडाभरातच तो कैदेत मारला गेला.

इथे एक प्रश्न होता, जो वेबसीरिजमध्ये पटकन निघून जातो. कॅथरीनला सात वर्षांचा मुलगा होता, पॉल. दरबारातल्या वजनदार लोकांचं, विशेषतः पॉलचा गुरू निकिता पानिन याचं म्हणणं होतं की गादी पॉलची, आणि तो मोठा होईपर्यंत आईनं कारभार पाहावा. म्हणजे सरळ आपल्या भाषेत, अ.पा.क.

कॅथरीननं ते साफ नाकारलं. तिनं राज्याभिषेक स्वतःचा करवून घेतला. सातबाऱ्यावर थेट आपलं नाव लावलं. पॉल अठरा वर्षांचा झाला, तीस झाला, चाळीस ओलांडला. आईनं गादी सोडली नाही. १७९६ मध्ये ती गेली तेव्हा पॉल बेचाळीस वर्षांचा होता. गादीवर बसल्यावर त्यानं १७९७ मध्ये वारसाचा नवा कायदा केला. घराण्यात एकही पुरुष उरला नसेल तरच बाईला गादी, असा. त्यानंतर रशियाच्या गादीवर पुन्हा बाई बसली नाही.

ताराबाईंना हा मार्ग मोकळाच नव्हता. रशियात कॅथरीनच्या आधी तीन बायका स्वतःच्या नावानं राज्य करून गेल्या होत्या. मराठ्यांच्या गादीवर बाई छत्रपती म्हणून बसलेली नव्हती. बाई गादी राखू शकत होती, तिच्यावर बसू शकत नव्हती. त्यामुळे ताराबाईंचं सगळं बळ एका लहान मुलाच्या नावावर उभं होतं. आणि मुलगा म्हणजे काय, तो बदलता येतो.

आपल्या किनाऱ्यावर फिरलेलं चक्र

औरंगजेब गेल्यावर मे १७०७ मध्ये मुघलांनी शाहूंना सोडलं. अठरा वर्षं ते कैदेत होते. त्यांची आई येसूबाईंना मात्र ओलीस ठेवलं, त्या थेट १७१९ मध्ये परतल्या. मराठ्यांत फूट पडावी हा सोडण्यामागचा हेतू उघड होता.

शाहूंचं म्हणणं: मी थोरल्या मुलाचा मुलगा, गादी माझी. ताराबाईंचं म्हणणं: संभाजी महाराजांचं राज्य मुघलांनी घेतलं. आज आहे ते राजारामांनी आणि मी लढून पुन्हा उभं केलेलं. शाहू मुघलांच्या छावणीत वाढलेले, मुघलांनी सोडलेले. त्यांचा हक्क कसा?

दोन्ही बाजूंत दम आहे. पण आपण सहसा शाहूंचा मुद्दा 'हक्क' म्हणून शिकतो आणि ताराबाईंचा 'महत्त्वाकांक्षा' म्हणून.

ताराबाईंनी सरदारांकडून दूधभातावर हात ठेवून शपथा घेतल्या. ऑक्टोबर १७०७ मध्ये भीमेकाठी खेडला लढाई झाली, आणि सेनापती धनाजी जाधव शाहूंना मिळाले. जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्यात शाहूंचा राज्याभिषेक झाला. ताराबाई पन्हाळ्याला गेल्या आणि तिथून दुसरी गादी चालवू लागल्या. आजची कोल्हापूरची गादी ही.

आता येतो आपला जिल्हा. १९८१ पर्यंत याचं नाव कुलाबा होतं, हे नव्या पोरांना माहीतही नसेल. अलिबागच्या समोरच्या त्या कुलाबा किल्ल्यावरून कान्होजी आंग्रे समुद्र राखत होते. एका बाजूला जंजिऱ्याचा सिद्दी, दुसऱ्या बाजूला मुंबईचे इंग्रज आणि वर पोर्तुगीज. खुद्द रायगडसुद्धा मराठ्यांकडे नव्हता, तो १७३३ मध्ये परत आला. अशा किनाऱ्यावर मराठ्यांचं आरमार म्हणजे कान्होजी. आणि कान्होजी ताराबाईंच्या पक्षाचे.

१७१३ मध्ये शाहूंनी आपले पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना कान्होजींवर पाठवलं. कान्होजींनी पेशव्यांनाच कैद केलं आणि लोहगड घेतला. साताऱ्यात घबराट उडाली. शाहूंनी पेशवेपद नव्या माणसाला दिलं: बाळाजी विश्वनाथ भट, राहणार मूळ श्रीवर्धन. म्हणजे तोही आपल्याच किनाऱ्याचा. बाळाजी लढायला नाही, बोलायला गेला. १७१४ च्या सुरुवातीला तह झाला. कान्होजींनी शाहूंना छत्रपती मानलं. त्यांची सरखेली आणि किनाऱ्यावरचे किल्ले त्यांच्याकडेच राहिले.

मी रोज ज्या पट्ट्यातून जाते, त्याच्या पश्चिमेला काही कोसांवर दोन कोकणी माणसांनी बोलणी केली आणि पन्हाळ्यावरच्या बाईची कोकणातली बाजू कोसळली. पेणच्या खाडीत तेव्हा होड्या नेहमीसारख्याच येत-जात असतील.

त्याच वर्षी पन्हाळ्यावर उलथापालथ झाली. राजारामांची दुसरी राणी राजसबाई, तिचा मुलगा संभाजी. रामचंद्रपंत अमात्यांनी, ज्यांना आपण 'आज्ञापत्रा'चे कर्ते म्हणून ओळखतो, या पक्षाला साथ दिली. ताराबाई आणि त्यांचा मुलगा कैदेत गेले, संभाजी गादीवर बसला. एका आईच्या जागी दुसरी आई, एका मुलाच्या जागी दुसरा मुलगा. शेरा कमी झाला.

पस्तीस वर्षं कैदेत

१७१४ मध्ये ताराबाई एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. पुढची सोळा वर्षं पन्हाळ्यावर कैद. १७२६ मध्ये मुलगा शिवाजी कैदेतच वारला. ज्याच्या नावावर सगळं केलं तोच गेला.

१७३० मध्ये शाहूंच्या फौजेनं वारणेकाठी कोल्हापूरच्या संभाजीचा पराभव केला, तेव्हा ताराबाई शाहूंच्या हाती आल्या. दुसऱ्या वर्षी वारणेचा तह होऊन दोन गाद्या कायमच्या वेगळ्या झाल्या. कोल्हापूरला परत जायचं की साताऱ्याला राहायचं? ताराबाईंनी सातारा निवडला. ज्या पुतण्याविरुद्ध त्या लढल्या, त्याच्याच गडावर मानानं, पण नजरेखाली राहू लागल्या. पंचावन्न वर्षांची बाई. गोष्ट संपली, असं कुणालाही वाटलं असतं.

त्या आणखी एकोणीस वर्षं थांबल्या.

पंचाहत्तराव्या वर्षी

शाहूंना मुलगा उरला नव्हता. १७४९ मध्ये ते आजारी पडले आणि पुढे कोण, हा प्रश्न उभा राहिला. तेव्हा ताराबाईंनी सांगितलं की माझा नातू जिवंत आहे. शिवाजीचा मुलगा, रामराजा. तान्हा असताना त्याला पन्हाळ्यावरून गुपचूप बाहेर काढलं आणि शत्रूंपासून जपायला लपवून वाढवलं. तो पानगावला बहिणीच्या, दर्याबाई निंबाळकरांच्या आश्रयानं होता. डिसेंबर १७४९ मध्ये शाहू गेले आणि १७५० च्या जानेवारीत रामराजा साताऱ्याच्या गादीवर बसला.

पुन्हा एक मुलगा, पुन्हा त्याच्या मागे ताराबाई. पण रामराजा आता चोवीस वर्षांचा होता, अज्ञान नव्हता. आणि तो पेशवे नानासाहेबांच्या सल्ल्यानं चालू लागला. ताराबाईंनी त्याला पेशव्याला काढून टाकायला सांगितलं. तो ऐकेना. २४ नोव्हेंबर १७५० ला त्यांनी सख्ख्या नातवाला, राज्याच्या छत्रपतीला, साताऱ्याच्या किल्ल्यावर कैद केलं.

वय पंचाहत्तर. समोर नानासाहेब, तिशीतला, हिंदुस्थानातला तेव्हाचा सगळ्यात बलाढ्य माणूस. ताराबाईंनी गुजरातेतून दमाजी गायकवाडांना फौजेसह बोलावलं. १७५१ मध्ये दमाजींनी आधी पेशव्यांच्या फौजेला मागे रेटलं, मग ते अडचणीत सापडले, आणि शेवटी नानासाहेबांनी अचानक हल्ला करून त्यांना पकडलं. साताऱ्यावर ताराबाईंच्या शिबंदीतच बंड झालं. आनंदराव जाधव हा त्यातला एक. ताराबाईंनी त्याचं डोकं उडवलं. किल्ला सोडला नाही.

मग दोन्ही बाजू थकल्या. सप्टेंबर १७५२ मध्ये तडजोड झाली, आणि जेजुरीला खंडोबासमोर ताराबाईंनी शपथेवर सांगितलं: रामराजा माझा नातू नाही.

इथे थांबायला हवं. कारण दोनपैकी एकदा त्या खोटं बोलल्या. १७४९ मध्ये खोटं असेल, तर राज्याला फसवून त्यांनी कुणातरी परक्याला छत्रपती केलं. १७५२ मध्ये खोटं असेल, तर जिवंत नातवाचं रक्त त्यांनी देवापुढे नाकारलं. आणि नातू असो वा नसो, कैदेत तो राहिलाच. ताराबाईंची बाजू घेऊन लिहिताना हे लपवता येत नाही.

दुसरीही एक गोष्ट लपवता येत नाही. राजालाच कैद करून त्यांनी गादी पोकळ केली. ज्या पेशव्याचं वर्चस्व मोडायचं होतं, त्याच्यासमोर आता राजाच उरला नाही. राज्य पुण्याहून चालू लागलं ते चालूच राहिलं. यात दोष एकट्या ताराबाईंचा नव्हे, पण त्यांचा हात आहे.

रशियातही हेच, फक्त कोडकौतुक जास्त

मात्र हे वाचून कुणी म्हणेल की बघा, बाईच्या हाती सत्ता दिली की असं होतं, तर त्यानं कॅथरीनकडे बघावं. तिच्याकडेही कैदेत ठेवलेला एक राजा होता. इव्हान सहावा. बाळपणी बादशहा, मग जवळपास सारं आयुष्य तुरुंगात. १७६४ मध्ये कुणीतरी त्याला सोडवायचा प्रयत्न केला तेव्हा पहारेकऱ्यांनी त्याला ठार मारलं, तसा हुकूमच होता. खरा-खोटा कोण, हाही प्रश्न तिला सुटला नाही. मेलेला पीटर मीच, असं सांगत पुगाचेव्ह नावाच्या कोसॅकनं १७७३ मध्ये एवढं मोठं बंड उभारलं की त्याला संपवायला १७७५ उजाडलं.

आणि आपल्याकडेही असला तोतया त्याच सुमारास फिरत होता. पानिपतात पडलेले सदाशिवरावभाऊ मीच, असं सांगणारा. कोकणात त्याच्यामागे फौज जमली. १७७६ मध्ये तो पळत असताना पकडला गेला, आणि पकडला कुणी? कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांनी. पुण्याला नेऊन त्याला मारलं. राजा दिसायला मिळत नाही तेव्हा लोक राजाचा भास झाला तरी मागे जातात, मग ते व्होल्गाकाठ असो वा कोकण.

कॅथरीननं व्होल्तेअरशी पत्रव्यवहार केला, दिदरोला भेटीला बोलावलं, देवीची लस पाश्चात्त्य डॉक्टर बोलावून आधी स्वतःला टोचून घेतली, चित्रांचा प्रचंड संग्रह केला. तिनंच पोलंडचे लचके तोडण्यात भाग घेतला आणि तिच्याच काळात रशियातल्या भूदासांचे हाल वाढले. इतिहास हे सगळं एकत्र ठेवतो आणि तरी तिला 'द ग्रेट' म्हणतो. तिच्याबद्दलही घाणेरड्या अफवा पसरल्या. मरणाची ती घोड्याची गोष्ट तुम्हीही कुठेतरी वाचली असेल. ती निखालस खोटी आहे, कॅथरीन पक्षाघातानं गेली. पण अफवांसकट तिचं अख्खं आयुष्य लोकांना माहीत आहे. चौतीस वर्षांची सत्ता, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत.

ताराबाईंचं आपण काय केलं? सात वर्षं ठेवली, चौपन्न टाकून दिली. कोल्हापूरला घोड्यावरच्या ताराराणींचा पुतळा आहे, देखणा आहे. तो त्या सात वर्षांचा आहे. मुलासाठी, दिरासाठी, नवऱ्यासाठी, राज्यासाठी लढणारी बाई आपल्याला चालते. तिचा पुतळा होतो. पण तीच बाई म्हणाली की आता मला पाहिजे, मुलाच्या नावानं नको, माझ्या नावानं, की आपल्याला धड शब्द सापडत नाही. मग हट्टी, सत्तालोभी, कारस्थानी. नानासाहेबही सत्तेसाठीच लढत होता. त्याला आपण मुत्सद्दी म्हणतो.

माझं म्हणणं ताराबाई बरोबर होत्या असं नाही. रामराजाच्या बाबतीत त्या चुकल्या, असं मला वाटतं. पण चूक करायचा हक्कसुद्धा ज्या माणसाला पूर्ण आयुष्य दिलंय त्यालाच मिळतो. अर्धं आयुष्य पुसून टाकलेल्या बाईची मूर्ती करता येते, ओळख करून घेता येत नाही.

जानेवारी १७६१ मध्ये पानिपत झालं. जूनमध्ये नानासाहेब गेला. डिसेंबरमध्ये ताराबाई गेल्या, शहाऐंशी वर्षांच्या होऊन. शिवाजी महाराजांच्या हयातीत जन्मलेली बाई पानिपतानंतर वारली. एवढा काळ एका माणसानं डोळ्यांनी पाहिला. त्या गेल्यानंतर सात महिन्यांनी, तिकडे पीटर्सबर्गला, कॅथरीननं नवऱ्याच्या जागी स्वतःला गादीवर बसवलं. दोघींना एकमेकींची नावंही माहीत नसणार.

आजी २०११ मध्ये गेली. शेवटच्या वर्षी तिला दिसत नव्हतं, भाताचा भाव तर ती दर वेळी चुकीचाच सांगायची. मोठे काका एकदा वैतागून म्हणाले, "आई, आता तरी चाव्या दे." ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "मी मेले की घ्या. तवर नाय." काका चिडले. आम्ही नातवंडं हसलो. तेव्हा मला ते म्हातारीचं खूळ वाटलं होतं. त्या जमिनीच्या एकाही कागदावर तेव्हा तिचं नाव नव्हतं. होत्या त्या फक्त चाव्या.

ती मुलगी मला पुन्हा गाडीत भेटलेली नाही. भेटली तर नागोठण्याच्या आधीच सुरू करीन, रोह्यापर्यंत पुरणार नाही म्हणून.